अख्ख्या उमरखेडचा एकच पत्ता

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत राजेहो, ते स्वतःच फोन करून येतात! लाइन नीट चालू असली तर इंटरनेटवाल्याला कुत्रं विचारत नाही. पण एकदा बंद पडू द्या, अख्ख्या गावाला आपली आठवण येते. आणि माणूस नुसतं "लाइन बंद हाये" म्हणून फोन ठेवत नाही. बंद पडली तेव्हा घरात कोण काय करत होतं, जावई आले होते का, भाजी कशाची होती, सगळं सांगतो. असे फोन ऐकत ऐकत माझं तर किश्श्यांचं गोदाम झालंय.

मी कळंबचा. आधी केबल टीव्ही चालवायचो, मग त्याच धंद्यात इंटरनेट घुसलं. मोठ्या कंपनीकडून ठोक भावात घ्यायचं आणि गावात घरोघरी पोचवायचं, एवढंच आमचं काम. जिल्ह्यात माझ्यासारखे बरेच आहेत, पण आमची टोळी चौघांची. उमरखेडचे सलीमभाई, पुसदचा राठोड, यवतमाळच्या वंदनाताई आणि मी. सलीमभाई आधी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. वयानं सगळ्यात मोठे आणि तापटही सगळ्यात जास्त. राठोड तांड्यावरचा, डिश अँटेना बसवता बसवता इकडे आला. वंदनाताई इंजिनियर, पुण्याची नोकरी सोडून परत आलेल्या, त्यामुळे इंग्रजीतलं सगळं लचांड त्यांच्या गळ्यात. महिन्यातून एकदा आम्ही त्यांच्या ऑफिसात जमतो. आलूबोंडा, त्यावर तर्री, आणि एकमेकांवर ग्राहक पळवल्याचे आरोप, असा कार्यक्रम असतो.

*

आता पत्त्याची भानगड सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक पत्ता लागतो, आकड्यांचा. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात संपत आलेत. मोठ्या कंपन्यांनी आधीच पोती भरून ठेवली, आणि आम्ही पोचलो तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं. नव्या पद्धतीचे पत्ते भरपूर आहेत म्हणतात, पण निम्म्या वेबसाइटी आणि लोकांचे जुने कॅमेरे त्यांना ओळखच दाखवत नाहीत. मग आम्ही काय करायचं? मोठ्या कंपनीनं भाड्यानं दिलेला एक पत्ता अख्ख्या गावात वाटून खायचा! म्हणजे बाहेरच्या जगाला दिसतं की पूर्ण कळंब एकाच घरात राहतं.

माझ्या शेजारच्या वानखडे गुरुजींच्या नातीनं एका ऑनलाइन स्पर्धेत रांगोळी पाठवली. आमच्या गावच्या चिंतामणीचा गणपती काढला होता पोरीनं, असा सुंदर की मी दुकान सोडून पाहायला गेलतो. बक्षीस लोकांच्या मतावर होतं. गुरुजींनी गल्लीत फिरून, देवळासमोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "पोरीले मत द्या." लोकांनी घरी जाऊन माझ्या लाइनीवर मोबाइल जोडले. प्रत्येकाला एकच उत्तर, "आपण आधीच मत दिलेले आहे!"

गुरुजी तडक माझ्या दुकानात. मी पाहिलं तर स्पर्धेचा नियम होता, एका पत्त्यावरून एकच मत. मी म्हटलं, "गुरुजी, कळंबचं मत पडलं."

"कोनी टाकलं?"

शोध लागला तो त्यांच्याच घरात. पोरीचा मामा पाहुणा म्हणून आलेला. सकाळी सगळ्यांच्या आधी उठला, आणि भाचीवरच्या प्रेमानं चहाच्या आधीच बटन दाबून मोकळा झाला. पण भाचीचा गणपती सोडून राळेगावच्या एका पोरीच्या मोरावर! म्हणे, "मले वाटलं एवढा चांगला मोर आपल्याच पोरीचा असंल!"

सुनेचा भाऊ, त्यात पाहुणा. त्याला रागावायची सोय नव्हती. म्हणून गुरुजी जे काही बोलायचं ते सगळं मला बोलले.

*

सलीमभाईंच्या उमरखेडात उलटं झालं. तिथल्या एका पोट्ट्यानं मोबाइल गेममध्ये लबाडी केली. गेमवाल्यांनी त्याला पकडलं आणि त्याचा पत्ताच बंद केला. पत्ता एकच! उमरखेडातले सगळे पोट्टे एका झटक्यात गेमच्या बाहेर.

सलीमभाईंनी दुकानाचं दार अर्धं लावून घेतलं. आता मोर्चा येणार आणि काचा फुटणार, अशी त्यांची खात्री. मोर्चा आलाही. पण बायांचा! सगळ्यात पुढच्या बाईच्या हातात डब्यात शिरा.

"भाईजान, हे तुमीच केलं न?"

सलीमभाई घाबरून म्हणाले, "नाही बहेन, ते कंपनीवाल्यानं..."

"कोनीबी करू द्या. परीक्षा होईस्तोवर असंच ठेवजा!"

त्या दिवसापासून दर परीक्षेच्या आधी कोणीतरी बाई दुकानात डोकावते आणि हळूच विचारते, "भाईजान, यंदा कधी बंद होनार हाये?"

*

एकदा सलीमभाईंकडे एक पोलीस साहेब आले. माणूस भला, नुकतीच बदली होऊन आलेला. कोणीतरी कोणालातरी फसवणुकीचा मेसेज पाठवला होता आणि तपासात उमरखेडचा पत्ता निघाला होता.

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. "हा पत्ता कोणाचा?"

सलीमभाईंनी चहा मागवला. "साहेब, या पत्त्यावर माझी बेगम राह्यते. मशिदीचे इमाम साहेब राह्यतात. महादेवाच्या मंदिराचे पुजारी राह्यतात. कॉलेजचे प्रिन्सिपॉल, दोन डॉक्टर अन् पूर्न भाजीबाजार. तुमाले कोन पाह्यजे?"

साहेब चिडले. "म्हणजे अख्खं गाव संशयित धरू का मी? सगळ्यांना गाडीत घालू?"

"घाला न साहेब. पन तुमी पुढच्या सीटवर बसू नका. तुमीबी मागंच बसा."

"मी? का बरं?"

"मागच्या महिन्यात तुमच्या क्वार्टरले लाइन दिली न आपून!"

साहेबांनी चहा संपवला, मग दुसरा मागवला. नंतर सलीमभाईंनी दुकानातल्या नोंदी काढून दिल्या आणि खरा माणूस सापडला, पण साहेबांनी त्या दिवसापासून सलीमभाईंना "शेजारी" म्हणायला सुरुवात केली.

*

हसतोय खरं, पण एका पावसाळ्यात सलीमभाईंचं काही खरं नव्हतं. गावातल्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि तो जगभर कचरा मेल पाठवत सुटला. झालं! उमरखेडचा तो एकुलता एक पत्ता काळ्या यादीत. बँकेची साइट उघडेना. कॉलेज प्रवेशाची साइट उघडायला जावं तर आधी विचारायची, "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा," आणि चित्रं दाखवायची, यातले ट्रॅफिक सिग्नल ओळखा म्हणून. एक म्हातारे बाबा दुकानात येऊन ओरडले, "सलीम, मी जन्मापासून उमरखेडात. आपल्या गावात सिग्नल हाये का रे? मंग मी मानूस हाये का नाही हे कोनाले विचारू?"

लोक कंटाळले. एकेक जण मोठ्या कंपनीची जोडणी घेऊ लागला. आणि एक दिवस त्याच कंपनीचा माणूस दुकानात आला. फार गोड बोलला. म्हणाला, "भाई, आमचे एजंट व्हा. ताण नाही, पत्त्याची कटकट नाही. फक्त पाटी आमची लावायची."

पाटी म्हणजे 'सलीम रेडिओज'. तरुणपणी सलीमभाईंनी स्वतः रंगवलेली. रेडिओ गेले, टेप गेले, पाटी तीच राहिली. हे सांगताना एवढ्या तापट माणसानं एकदाही आवाज चढवला नाही राजेहो! मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "भाई, हो म्हनू नका." तर म्हणाले, "नाहीबी कोनत्या तोंडानं म्हनू? स्वतःचे पत्ते मिळाले तर ठीक, नाहीतर दिवाळीले पाटी उतरते."

*

मग वंदनाताई पदर खोचून उतरल्या. पत्ते वाटणारी जी संस्था आहे तिचे नियम त्यांनी काढले. लहानांसाठी थोडे पत्ते राखून ठेवलेले होते, बरं का! पण एक अट होती. अर्जदाराकडे दोन वेगवेगळ्या मोठ्या कंपन्यांच्या लाइनी पाहिजेत. एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून. शहरात सोपं आहे हो! उमरखेडात मोठी लाइन येते एकच. पुसदला दुसऱ्या कंपनीची, तीही एकच.

सलीमभाईंनी संस्थेला फोन लावला. तिकडून एक पोरगी फार अदबीनं बोलली, "सर, दुसरी लाइन कुठली लिहू?"

"बेटा, राठोडची लिही."

"राठोड म्हणजे कुठली कंपनी, सर?"

"कंपनी नाही बेटा. दुश्मन हाये माझा!"

पोरीला वाटलं, थट्टा चाललीये. पण सलीमभाई खरंच बोलत होते. आमच्याकडे सावड असते. एका शेतकऱ्याकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक बैल, दोघं मिळून जोडी करतात आणि आळीपाळीनं दोघांची वावरं वाहतात. आम्ही केबलवाल्यांनी तेच केलेलं. पुसद आणि उमरखेडच्या मध्ये आमची तार आहे, पण एरवी तिचं दार बंद. सलीमभाईंची लाइन तुटली की ते राठोडला फोन करून म्हणणार, "सावड दे." राठोड आपल्या बाजूनं दार उघडणार आणि उमरखेड राठोडच्या लाइनीवर चालणार. राठोडची तुटली की उलट. दिवसभर एकमेकांचे ग्राहक ओढायचे, पण सावड कोणी नाकारायची नाही. कागद ना सही.

वंदनाताईंनी ठरवलं, नियमच बदलायला लावायचा. शेजाऱ्याची लाइन दुसरी लाइन म्हणून धरा! आणि गंमत म्हणजे त्या संस्थेत असा बदल कोणीही सुचवू शकतो. तुम्ही, मी, कोणीही.

*

सुचवायचं कसं, तर मेलवर. त्यांचा एक मोठा मेल-ग्रुप आहे. तिथं लिहिलं की देशोदेशीच्या हजारो इंजिनियरांकडे जातं. वंदनाताईंनी आम्हा चौघांचे मेल त्यात घातले, प्रस्ताव पाठवला आणि आम्हाला बजावलं, "कोणी काही आगाऊपणा करायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी राठोडनं पूर्ण ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकलं! दवबिंदूसकट. खाली चमकत्या अक्षरात, शुभ सकाळ, आपला दिवस मंगलमय जावो.

वंदनाताईंनी डोक्याला हात लावला. "राठोड, तिथं मोठमोठे तज्ज्ञ आहेत हो!"

"मंग? तज्ज्ञ लोकायची सकाळ होत नाही का?"

एकानं फार थंड भाषेत लिहिलं की हा ग्रुप नियमांच्या चर्चेसाठी आहे. वंदनाताईंना वाटलं, आपला प्रस्ताव त्या गुलाबाखालीच पुरला गेला. आणि दुपारी कुठल्यातरी लांबच्या बेटावरून एका बाईंचं उत्तर आलं. त्यांचंही छोटंसं इंटरनेटचं दुकान. लिहिलं होतं, "आमच्याकडे संध्याकाळ झाली आहे, तरी धन्यवाद. या ग्रुपवर मला कोणी फूल दिल्याचं आठवत नाही. तुमचा प्रस्ताव वाचला. आमच्या बेटावरही एकच लाइन येते. माझा पाठिंबा."

मग डोंगरातला एक आला, वाळवंटातला एक आला. सगळे एका लाइनीवाले! राठोडनं आलूबोंड्याचा घास घेत विचारलं, "ताई, उद्या कमळ टाकू का?"

*

सगळं जुळत आलं आणि आमच्याच घरात आग लागली. पुसद-उमरखेडच्या मधल्या एका गावात राठोडची सख्खी बहीण दिलेली आहे. राखीला राठोड तिच्याकडे गेला. राखी बांधली, शेवयाची खीर वाढली. खीर खाता खाता राठोडची नजर भिंतीवर गेली. तिथं इंटरनेटचा डबा. डब्यावर स्टिकर, 'सलीम रेडिओज'!

"हे काय व बाई? माह्या बहिनीच्या घरी सलीमभाईची तार?"

बहीण शांतपणे म्हणाली, "दादा, तुह्या लाइनीवर माही सिरियल अटकत होती."

राठोडनं खीर संपवली. बहिणीवर कसा रुसणार? मग रुसला सलीमभाईंवर. "धंद्यात काहीबी करा, पन मानसाच्या बहिनीच्या घरात घुसाचं नाही," म्हणाला आणि बोलणंच सोडलं. सलीमभाईंनाही राग. "मी कायले घुसू? तिनं फोन केलता! लाइन चांगली चालवली हा काय गुन्हा हाये?" महिन्याच्या बैठकीत दोघं पाठीला पाठ लावून बसले आणि तर्रीचं भांडंसुद्धा माझ्यामार्फत मागू लागले. आमच्या प्रस्तावावरची संस्थेची सभा तोंडावर आलेली. मी राठोडला म्हटलं, "सलीमभाईची लाइन गेली तर सावड देशील न?" तर म्हणतो, "त्याले म्हना, फोन करून मांग. मंग पाहू." आणि सलीमभाई म्हणतात, "लाइन मेली तरी चालंल, मी फोन करत नाही!"

*

सभेच्या दिवशी वंदनाताई आणि मी यवतमाळच्या ऑफिसात बसलो. सभा दूर कुठल्यातरी मोठ्या हॉटेलात, आम्ही स्क्रीनवर. सलीमभाई उमरखेडच्या त्यांच्या दुकानातून. यवतमाळला या म्हटलं तर आले नाहीत. राठोडही रुसून पुसदलाच. "पाटी जिथं हाये तिथूनच बोलनार." अंगात नवीन कुडता, मागं रेडिओच्या खोक्यांची रांग. ते आपल्या भाषेत बोलणार, वंदनाताई इंग्रजीत सांगणार.

तिथं मतमोजणी नसते. अध्यक्ष विचारतात, हरकत आहे का? एका जरी हरकतीला उत्तर देता आलं नाही, तर प्रस्ताव गुंडाळून ठेवतात; एकही हरकत उरली नाही, तर मंजूर. अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या. सलीमभाई छान बोलले. सिग्नलवाले बाबा सांगितले, सभा हसली. बेटावरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जमलं!

तेवढ्यात एका मोठ्या कंपनीचे साहेब माइकजवळ आले. कोट, टाय, आवाज एकदम मऊ. म्हणाले, "ऐकायला फार गोड आहे. पण हे दोघं एकाच धंद्यातले प्रतिस्पर्धी. लेखी करार नाही. उद्या यांची लाइन तुटली तर शेजारी खरंच आपली लाइन देईल, याचा पुरावा काय? अशा भरवशावर नियम करता येत नाहीत. माझी हरकत आहे."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. "हरकत योग्य आहे. उत्तर आहे का?"

वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगू? त्या दोघांचं बोलणंच बंद! वंदनाताईंनी खाली मान घालून साहेबांचा प्रश्न सलीमभाईंना मराठीत सांगितला. सलीमभाई ऐकून घेत होते, आणि त्यांचे कान लाल होताना आम्हाला यवतमाळहून दिसले.

"पुरावा पाह्यजे?" सलीमभाई उठले. दुकानातल्या कपाटाकडे गेले. उमरखेडची मोठी लाइन तिथं येते. मी ओरडलो, "भाई, नका!" त्यांनी तार धरली आणि उपसून काढली.

स्क्रीनवर सलीमभाई तसेच थिजले, तोंड उघडं, हात वर. मग तेही गेले. नुसतं काळं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. उमरखेडातले सगळे ग्राहक आत्ता फोन उचलून सलीमभाईंना शिव्या घालत असणार, आणि सलीमभाई राठोडला फोन करणार नाहीत, मेले तरी करणार नाहीत! मी राठोडला फोन लावला. तो उचलेना. पुन्हा लावला. वंदनाताई पुटपुटत होत्या, "उचल रे बाबा, उचल."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मला वाटतं, आपण पुढच्या विषयाकडे..."

आणि काळ्या चौकोनात सलीमभाई परत आले! आधी कुडता दिसला, मग चेहरा, मग आवाज. तार अजून हातातच. वंदनाताईंनी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला.

माझा फोन वाजला. राठोड.

"कायले फोनावर फोन करून राह्यले? मी सभा पाहून राह्यलो न! त्याले सांगा, कुडत्याचं वरचं बटन लाव म्हनाव, सारं जग पाहून राह्यलं. मी सांगितलं म्हनून सांगू नका." आणि ठेवून दिला.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कोटवाल्या साहेबांकडे वळून विचारलं, "आपली हरकत अजून आहे का?"

साहेब 'नाही' अशी मान हलवून जाग्यावर जाऊन बसले. बाईंनी पूर्ण सभेला विचारलं, "आणखी कोणाची हरकत?" एवढं मोठं हॉटेल, पण एकही हात वर झाला नाही.

तेवढ्यात सलीमभाईंनी हातातली तार कॅमेऱ्यापुढं धरली आणि विचारलं, "साहेब, आता लावू का हे परत, का अजून कोनाले पाहाचं हाये?"